ताप उतरल्यानंतर

नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीनें इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. एकोणिसाव्या शतकांत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशीं नेणाऱ्या बोटीची वाट पाहत येथें महिनोन्महिने पडून राहत. ऊन, हिवताप आणि रिकामपण यांमुळें कित्येकांचें चित्त ठिकाणावर राहत नसे. आपल्या 'ताप' या शब्दास गांवाचें नांव जोडून शिपायांनीं त्या अवस्थेला 'डूलाली टॅप' म्हटलें. पुढें 'डूलाली' म्हणजे डोकें फिरलेला, असा थट्टेचा शब्द रूढ झाला. दुखण्याची बोळवण हंशावर झाली.

हिवतापाचें मूळ विषाणु नव्हे. विषाणूच्या ज्वरानंतरही मेंदूंत कांहीं मागें उरतें काय, हा प्रश्न पुढें इन्फ्लुएंझाच्या काळांत निघाला. जून १९१८ मध्यें ती साथ मुंबई बंदरांत उतरली. त्या वर्षीं पाऊसही फसला होता. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें दगावलीं. आगगाड्यांनीं साथ देशभर नेली, आणि मुंबईहून उत्तरेस जाणारा एक लोहमार्ग नाशकावरून जातो. पण मृत्यूच्या आंकड्यांत, जे वांचले त्यांचें पुढलें दुखणें दिसत नाहीं.

तिकडे व्हिएन्ना येथें डॉक्टर फॉन इकोनोमो यांनीं १९१७ सालींच एका विलक्षण निद्रारोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. कांहीं रोगी दिवसचे दिवस झोंपून राहत. कांहींचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. बरे झालेल्यांपैकीं कित्येकांचें अंग वर्षांनंतर ताठलें, हातांना कंप सुटला. मृतांचे मेंदू तपासतां, निद्रानाश झालेल्यांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढील भागास, तर अतिनिद्रा जडलेल्यांच्या मागील भागास दाह झालेला आढळला. झोंप ही केवळ मनाची लहर नव्हे, तिला मेंदूंत ठिकाण आहे, हें त्यावरून उमगलें. या रोगाचा इन्फ्लुएंझाशीं संबंध अनेकांनीं जोडला. तो सिद्ध मात्र झाला नाहीं. इकोनोमोंचे पहिले रोगी तर १९१८ पूर्वींचेच होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो रोग ओसरला.

शंभर वर्षांनीं कोविड आला. ताप उतरून महिने लोटल्यावरही झोंप न येणें, विसरभोळेपणा, चित्त एकाग्र न होणें, अशा तक्रारी सांगणारे लोक जगभर आढळले. ऑक्टोबर २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें या स्थितीची व्याख्या केली: आजार जडल्यापासून तीन महिन्यांच्या सुमारास दिसणारीं, निदान दोन महिने टिकणारीं आणि दुसऱ्या निदानानें न उलगडणारीं लक्षणें.

देवळालींत ज्या प्रकारच्या तक्रारीचें हंसें झालें, तिला असें दप्तरांत स्थान मिळालें. घरांतील कोणी 'ताप गेला, पण झोंप येत नाहीं' असें म्हणेल, तेव्हां त्यास आळशी किंवा भ्रमिष्ट न ठरवितां डॉक्टरांकडे नेणें, एवढा धडा या इतिहासांतून घेण्याजोगा आहे.