सशाचें भय

आपल्या लोककथेंतला ससा भित्रा आहे. पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें असें समजून तो पळत सुटतो. माणसाच्या दीनवाण्या धांवपळीलाहि आपण ‘ससेहोलपट’च म्हणतों. श्रोतेहो, अशा या प्राण्याची दहशत प्रेक्षकांना बसवावी असा घाट १९७२ सालीं अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या कंपनीनें घातला. बोलपटाचें नांव ‘नाइट ऑफ दि लीपस’. लीपस हा सशाच्या कुळाचा लॅटिन शब्द. दिग्दर्शक विल्यम क्लॅक्स्टन. आणि प्रमुख नटी, ‘सायको’मुळें गाजलेली जॅनेट ली.

कथानक ॲरिझोना प्रांतांतलें आहे. सशांना खाणारे कोयोटी नांवाचे रानटी श्वापद मारून टाकल्यामुळें कुरणांत सशांचा सुळसुळाट होतो. विष पेरण्यापेक्षां त्यांची पैदास रोखावी म्हणून एक शास्त्रज्ञ दांपत्य सशांना औषध टोंचून पाहतें. त्यांच्या लहान मुलीला त्यांपैकीं एक ससा आवडतो. ती गुपचूप पिंजऱ्यांतील ससे बदलते, आणि टोंचलेला ससा रानांत निसटतो. पुढें प्रचंड, नरभक्षक सशांच्या झुंडी गांवावर चालून येतात. शेवटीं रेल्वेच्या रुळांत वीज सोडून त्यांचा नाश करण्यांत येतो.

हे राक्षस पडद्यावर आणले कसे? पाळीव ससे चिमुकल्या घरांमधून पळवावयाचे, त्यांचें चित्रण संथ गतीनें दाखवावयाचें, आणि अंगावर झेप घेण्याच्या प्रसंगीं माणसालाच सशाचें कातडें चढवावयाचें! गुबगुबीत ससा कितीहि मोठा दाखविला तरी तो गोजिरवाणाच दिसतो. प्रेक्षक हंसले, आणि हंसण्यासाठींच हें चित्र आजहि पाहिलें जातें.

परंतु या हास्याच्या मागें एक खरा इतिहास आहे. हा बोलपट रसेल ब्रॅडन या ऑस्ट्रेलियन लेखकाच्या १९६४ सालच्या उपहासात्मक कादंबरीवर आधारलेला होता. चित्रपटानें कथा अमेरिकेंत नेली. पण सशाचें भय म्हणजे काय, हें ऑस्ट्रेलियाला पुरतें ठाऊक होतें. १८५९ सालीं व्हिक्टोरियांतील टॉमस ऑस्टिन या जमीनदारानें शिकारीच्या हौसेसाठीं इंग्लंडहून चोवीस ससे आणविले. पन्नास वर्षांच्या आंत त्यांच्या संततीनें खंडाचा दक्षिण भाग व्यापला. गवत मुळापर्यंत खाल्लें गेलें, माती उघडी पडली, मेंढ्यांचा व देशी प्राण्यांचा चारा नाहींसा झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियानें १९०१ ते १९०७ या काळांत एकूण सुमारें २,००० मैलांचीं कुंपणें घातलीं. काम पुरें होण्यापूर्वींच ससे पलीकडे पोंचले होते!

१९५० मध्यें मिक्सोमॅटोसिस या रोगाचे विषाणु सशांत सोडण्यांत आले. ससे कोट्यवधींनीं मेले. त्याच सुमारास मरे नदीच्या खोऱ्यांत माणसांना मेंदूज्वर झाला, आणि लोकांनीं नव्या विषाणूवर संशय घेतला. तो दूर करण्यासाठीं १९५१ सालीं फ्रँक फेनर, मॅक्फार्लेन बर्नेट आणि इयन क्लूनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनीं तो विषाणु स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतला. त्यांना कांहींहि अपाय झाला नाहीं. मात्र कांहीं वर्षांतच विषाणु सौम्य होत गेला, जगलेल्या सशांत प्रतिकारशक्ति आली, आणि त्यांची संख्या पुन्हां वाढूं लागली. पुढें १९९५ सालीं वॉर्डांग बेटावर दुसऱ्या एका विषाणूची परीक्षा चालूं असतां तो बंदोबस्तांतून निसटून मुख्य भूमीवर पोंचला. पिंजऱ्यांतून सुटलेल्या सशाचा चित्रपटांतला प्रसंग तितकासा पोरकट नव्हता, असें यावरून म्हणावें लागतें.

चित्रपटकर्त्यांची चूक एवढीच कीं, भय उत्पन्न करण्यासाठीं त्यांनीं ससा मोठा केला. ऑस्ट्रेलियाला ज्यानें जेरीस आणलें तो ससा जेमतेम दीड-दोन किलो वजनाचा होता. तो कोणाच्या अंगावर धांवून गेला नाहीं. तो केवळ चरत राहिला, आणि वाढत राहिला. त्याला तेथें नेऊन सोडणारा मात्र माणूसच होता.