कोकम सरबत कुणाचं?

काही वर्षांपूर्वी रमजान एप्रिलमध्ये आला होता. मुंबईहून बहीण मुलांना घेऊन गावी मुरूडला आली होती. मुलांच्या हट्टापायी एका संध्याकाळी आम्ही इफ्तार समुद्रावर करायचं ठरवलं. सुरूच्या झाडांपुढे वाळू घट्ट होते तिथे चटया अंथरल्या. डब्यांतून खजूर, कलिंगड, भजी, तांदळाच्या भाकऱ्या, तळलेले बांगडे निघाले. मगरिबला दहा मिनिटं होती. अम्मी थर्मासमधून ग्लासांत कोकम सरबत ओतायला लागली तेव्हा बारा वर्षांचा भाचा म्हणाला, "नानी, इफ्तारला कोकम? लाल सरबत नाही आणलं? कोकम तर हिंदूंचं असतं ना?"

अम्मी हसली आणि त्याचा ग्लास भरून पुढे सरकवला. मला मात्र हसू आलं नाही. रात्री गच्चीवर त्याला खोदून विचारलं तेव्हा कळलं, की वर्गात रमजानचा विषय निघाला होता आणि कुणीतरी त्याला विचारलं होतं, "तुम्ही लोक मूळचे कुठले? ते लाल सरबत पाकिस्तानातलं ना?" पोरानं त्यावर आपल्या परीनं हिशेब मांडला होता. लाल सरबत आपलं, कोकम त्यांचं.

त्या रात्री मी त्याला अर्धंमुर्धं उत्तर दिलं. राहिलेलं इथे लिहितो आहे, कारण हा हिशेब फक्त एका बारा वर्षांच्या मुलाचा नाही.

सुरुवात शब्दापासून करू. 'सरबत' हा शब्द अरबी 'शरिबा' म्हणजे 'पिणे' या क्रियापदावरून आला. फारसीतून तो आपल्याकडे पोहोचला आणि मराठीत 'श'चा 'स' झाला. त्याच धातूपासून 'शराब' हा शब्दही तयार झाला. अरबीत शराब म्हणजे कुठलंही पेय. सूरह नहलमध्ये मधासाठी हाच शब्द आला आहे. फारसी आणि उर्दूत येईपर्यंत त्याचा अर्थ दारूपुरता उरला, आणि निर्धोक गोड पेयाला सरबत हे नाव राहिलं. युरोपातले 'सिरप' आणि 'सॉर्बे' हेही याच घराण्यातले.

मराठीत उन्हाळ्याच्या पेयासाठी घरचा शब्दही आहे. चैत्रात हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं देतात, ते संस्कृत 'पानक'वरून आलं. पण लिंबाचं पन्हं कुणी म्हणत नाही, लिंबाचं सरबत म्हणतात. कोकमाचंही सरबतच. म्हणजे फळ सह्याद्रीच्या उतारावरचं आणि नाव अरबस्तानातलं. ते मागताना कुणाला त्यात परकं काही वाटत नाही, आणि वाटण्याचं कारणही नाही.

हा शब्द दिल्लीच्या वाटेनं मराठीत आला असेल, पण तो बोलणारी माणसं कोकणात त्याच्या कितीतरी आधी समुद्राच्या वाटेनं आली होती. मुरूडच्या उत्तरेला चौल आहे. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात, पण एके काळी ते मोठं बंदर होतं. अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. बगदादचा अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, तिथे येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलं आहे, की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि काही इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांसाठी 'बयासिरा' असं वेगळं नाव होतं. तेव्हा दिल्लीत सुलतान नव्हते, मोगलांना तर सहाशे वर्षं अवकाश होता.

ही माणसं इथे का थांबली, याचं उत्तर वाऱ्यात आहे. शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यावर चालत. एका ऋतूत यायचं आणि वारा उलटा फिरला की परतायचं. मधले महिने बंदरावर काढावे लागत. त्यातून घरं झाली, लग्नं झाली, मुलं झाली. अरबस्तानातला गहू इथे पिकत नव्हता, इथे पिकत होता भात. म्हणून त्यांनी भात खाल्ला, मासे खाल्ले, नारळ खाल्ला.

हे कसं घडलं असेल याचं एक चित्र इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे. मोरोक्कोतल्या तांजियरचा हा माणूस 1334 मध्ये दिल्लीला पोहोचला आणि मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. दिल्लीतल्या जेवणाचं त्याचं वर्णन वाचलं तर सुरुवातच गोड सरबतानं होते, मग रोटी, मांस, समोसे, आणि शेवटी जवाचं पेय आणि विडा. 1342 मध्ये त्यानं दिल्ली सोडली आणि तो किनाऱ्यानं दक्षिणेला निघाला. गोव्याच्या खाली, आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावर आहे. तिथे सुलतान जमालुद्दीनच्या पंगतीला तो जेवला.

ही पंगत दिल्लीपेक्षा अगदी वेगळी होती. तांब्याच्या ताटात भात, वर तूप. सोबत मिरी, ओलं आलं, लिंबू आणि आंबा यांची लोणची. घासाला लोणचं लावून खायचं. भात पुन्हा वाढला जाई, तेव्हा कोंबडी येई. मग मासे, मग भाज्या. सगळ्यात शेवटी दही-ताकाचा पदार्थ. तो आला की समजायचं, जेवण संपलं. त्यानंतर पाणी प्यायचं तेही गरम, कारण पावसाळ्यात थंड पाणी बाधतं. पुढे या सुलतानाकडे तो अकरा महिने राहिला आणि त्या काळात भाकरी-रोटी त्यानं पाहिलीसुद्धा नाही. रोजच्या भातानं तो वैतागला होता, हेही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

त्या ताटात लाल तिखट नाही, कारण मिरची अमेरिका खंडातली आहे आणि ती पोर्तुगीजांबरोबर पुढच्या दोनशे वर्षांत इथे आली. सोलकढीचं नावही त्या वर्णनात नाही. पण आंबट लोणचं, मासे, भात आणि शेवटी पोट शांत करणारं काहीतरी पातळ, हा क्रम आमच्या घरच्या ताटाचाच आहे. त्या गावचे लोक शाफई पंथाचे होते, असंही इब्न बतूता सांगतो. आम्ही कोकणी मुसलमानही शाफईच. त्यानं तिथे मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा मोजल्या आणि कुराण तोंडपाठ असलेल्या, न शिवलेलं वस्त्र नेसणाऱ्या बायका पाहिल्या. दीनदार असणं आणि इथलंच खाणं-नेसणं यांत त्या बायकांना काही विरोध दिसला नव्हता.

आता दिल्लीकडच्या सरबताचं पाहू. 1526 मध्ये बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्यानं इथे काय काय मिळत नाही याची यादीच लिहिली. चांगली द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही. त्याच्या नातवानं, अकबरानं, ही तक्रार बरीचशी मिटवली. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त दरबाराच्या पाणी-व्यवस्थेचं वर्णन केलं आहे. सुरई पाण्यानं भरून तिचं तोंड बंद करायचं, मोठ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून आतलं पाणी गार होतं. 1586 नंतर दरबार पंजाबात असताना लाहोरच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून बर्फही यायला लागला.

समुद्राकाठी मात्र बर्फाला यायला आणखी अडीचशे वर्षं लागली, आणि तो आला थेट अमेरिकेहून. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापायचा आणि लाकडाच्या भुशात दडपून जहाजानं पाठवायचा. 1833 मध्ये त्याच्या जहाजानं 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याची वाट धरली. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईत बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी आठवण मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 1842 मध्ये बांधलेलं बर्फघर आजही उभं आहे. पुढे इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि किनाऱ्यावरचा बर्फाचा गोळा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

राहिलं ते लाल सरबत. 1906 मध्ये हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला. दिल्लीच्या उन्हाच्या त्रासावर त्यांनी तयार केलेला उतारा म्हणजे रूह अफजा. ते मुळात औषध होतं, युनानी वैद्यकातलं. 'युनानी' म्हणजे ग्रीक. 1947 च्या फाळणीनंतर त्यांचा थोरला मुलगा दिल्लीतच राहिला आणि धाकट्यानं 1948 मध्ये कराचीत हमदर्द उभं केलं. म्हणजे ज्या बाटलीवरून भाच्याला टोमणा बसला, तिचा जन्म दिल्लीतला. घर फुटलं तशी बाटलीही दोन देशांत वाटली गेली.

मला रूह अफजाबद्दल तक्रार नाही. दुधात घातलेलं तर मला फार आवडतं. तक्रार आपल्याबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या घरांतूनच कोकम मागे सरकत गेलं. पाहुण्यांसमोर लाल सरबत, फालुदा, अरबी मंदी, आणि घरातल्या घरात आगळ, सोलकढी, भाकरी. जणू मुसलमान दिसायचं तर दिल्लीचं किंवा दुबईचं खायला हवं. बाहेरचे आम्हाला विचारतात, मूळचे कुठले. आणि आम्ही दस्तरखानावरून इथलं उचलून त्यांच्या प्रश्नाला बळ देतो. इफ्तारसाठी खजूर आणि पाणी पुरतं, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं आहे. उरलेलं ताट ज्या त्या जमिनीचं.

आमची दादी एप्रिल-मे महिन्यांत अंगणभर कोकमं पसरायची. पिकलेलं फळ फोडून बिया वेगळ्या, सालं वेगळी. सालं उन्हात वाळवायची, पुन्हा रसात भिजवायची, पुन्हा वाळवायची, की आमसुलं झाली. मीठ घातलेल्या रसाचं आगळ. बरणीत साल आणि साखर यांचे थर देऊन उन्हात ठेवलं की सरबताचा पाक. बियांचं तेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना. शेजारच्या कुळकर्णी काकूंच्या अंगणातही त्याच दिवसांत हेच चालायचं. पहिला पाऊस कुणाची सालं भिजवतो यावरून दोघी एकमेकींना हाका मारत. फळ कुणाचं, हा प्रश्न त्या दोघींना कधी पडलेला मी ऐकला नाही.

त्या रात्री गच्चीवर यातलं थोडंफार सांगून झाल्यावर भाच्यानं विचारलं, "मग मामू, आपण मूळचे कुठले?" मी चौलपासून सुरुवात करणार तेवढ्यात अम्मी चादर घेऊन वर आली आणि म्हणाली, "मुरूडचे. झोप आता, सहरीला उठायचंय."

मुंबईला परतताना त्याच्या पिशवीत तिनं आगळाची बाटली कोंबली. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. मित्र घरी आले होते आणि त्याला सरबत करायचं होतं. एका ग्लासाला आगळ किती चमचे आणि साखर किती, एवढंच विचारायचं होतं. अम्मीनं सांगितलं, दोन चमचे आगळ, साखर चवीप्रमाणे, जिऱ्याची पूड चिमूटभर, आणि मीठ मुळीच घालू नकोस, आगळात असतं.