गुरांमागे गेलेली शाळा

वसई पूर्वेची एव्हरशाईन सिटी आणि डहाणू तालुक्यातली कोसबाडची टेकडी २०१४ पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. त्याआधी दोन्ही ठाणे जिल्ह्यात होत्या. शहरी वसाहतींत बालवर्गांच्या पाट्यांवर ‘माँटेसरी’ हे नाव सर्रास दिसतं. मात्र त्या पद्धतीला इथल्या मातीत रुजवण्याचं काम याच पट्ट्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या हातून झालं, हे तिथल्या पालकांना क्वचितच कुणी सांगतं. आणि आठवण निघालीच तर ती त्यागाची, सेवेची निघते. हा गौरव मला अपुरा वाटतो. या दोघी आधी शिक्षिका होत्या, आणि मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर त्यांनी मुलात न शोधता शाळेच्या रचनेत शोधलं. त्यांचं खरं मोठेपण या शोधात आहे.

ताराबाई १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. माँटेसरीची तत्त्वं दोघांनाही पटलेली होती. अडचण साधनांची होती. लाकडाची ती घोटीव, मापात बसवलेली महागडी साधनं खेड्यातल्या शाळेला कुठून परवडणार? ताराबाईंनी १९४५ मध्ये याच पट्ट्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा हा प्रश्न समोर उभाच होता. उत्तर गावातच सापडलं. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हीच साधनं झाली. लहान-मोठं लावणं, रंग जुळवणं, दहा-दहाचे ढीग करून मोजणं हे सगळं त्यांवर होतं. कवडीचा खर्च नाही, आणि हरवलं तर मूल स्वतः दुसरं वेचून आणतं. त्याच वर्षी पुण्याच्या हुजूरपागेतल्या शिक्षिका अनुताई बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरातून ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढे आयुष्यभर याच कामात राहिल्या.

साधनं मिळाली, पण मुलं येईनात. तेव्हा शिक्षिका वस्तीत गेल्या आणि अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. १९५७ साली केंद्र कोसबाडला हललं, तेव्हा वारली मुलांची निराळीच अडचण पुढे आली. मोठी मुलं दिवसभर गुरं राखायला रानात, आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं. पाढ्यांची कितीही गोडी लावली तरी या दोन कामांतून त्यांची सुटका होणार नव्हती. म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. धाकटं पाळणाघरात ठेवलं की थोरली वर्गात बसू शकत होती. मुलीची गैरहजेरी पाळण्याने सुटते, हे ओळखायला घराचा दिवसभराचा क्रम बारकाईने पाहावा लागतो. माझ्या मते अध्यापनशास्त्राचा याहून चांगला धडा नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कुरणात शाळा नेणं म्हणजे मुलाच्या गुराखीपणावर शिक्कामोर्तब करणं नव्हे का? ज्या १९४५ साली बोर्डीचं केंद्र सुरू झालं, त्याच वर्षी या भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्यांना मजुरीच न्यायाने मिळत नव्हती, त्यांना गाणी आणि शिंपले देऊन काय साधणार, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बालवाडीने सुटत नाही, तो लढ्यानेच सुटतो. पण तो सुटेपर्यंत पाच-सहा वर्षांच्या मुलाचं वय थांबून राहत नाही. शिवाय कुरणशाळा हा मुक्काम नव्हता. टेकडीवर प्राथमिक शाळा होती आणि तिकडे जाण्याची वाट कुरणातून काढलेली होती.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं दोन असामान्य बायकांच्या बळावर चाललं, म्हणून ते इतरत्र नेता येत नाही. हे अर्धंच खरं आहे. कोसबाडला बालशिक्षिका घडवण्याचं कामही चालत होतं, म्हणजे पद्धत शिकवता येते असा या दोघींचा विश्वास होता. त्यांच्या अंगणातल्या बालवाडीशी मिळतीजुळती अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोचली. मात्र त्या प्रवासात पोषण, लसीकरण आणि नोंदवह्यांचा भार इतका वाढला की सेविकेला मुलांसोबत खेळायला निवांत वेळ उरणं अवघड झालं. हा दोष कोसबाडच्या पद्धतीचा नाही; एकाच बाईवर सगळं सोपवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

एव्हरशाईन सिटीत कुरण नाही हे उघड आहे. पण नोकरीसाठी वसईहून मुंबईला जाणाऱ्या आईबापांच्या घरात मुलाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने ठरतो. बालवर्गाची वेळ, पाळणाघराची जोड, संध्याकाळी मूल कुणाजवळ असतं, या गोष्टी शिकवण्याच्या बाहेरच्या मानल्या जातात. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांना शिकवण्याचाच भाग मानलं. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी ते रात्री किती वाजता झोपतं आणि का, हे विचारणारी शिक्षिका त्यांच्याच परंपरेतली आहे, मग तिच्या वर्गातली साधनं लाकडी असोत की प्लॅस्टिकची.