काडतुसाला चरबी कशासाठी?

१८५७ म्हटलं की काडतूस आणि काडतूस म्हटलं की चरबी, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. चरबी गाईची की डुकराची, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकीकत येते. पण मुळात काडतुसाला चरबी लागतेच कशाला? आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न नव्हता. त्याचं उत्तर बंदुकीच्या नळीत आहे, आणि ते कळलं की ओळखीची गोष्टही जरा वेगळी दिसायला लागते.

शिपायांची जुनी बंदूक, म्हणजे ब्राउन बेस, आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा चांगलीच लहान, वरून सोडली की गडगडत खाली. भरायला सोपी, पण नेम यथातथाच. शंभर यार्डांवरच्या एका माणसाला टिपणं हा नशिबाचा भाग. रायफलच्या नळीत मात्र आतून पीळ दिलेले चर असतात. त्यांत घट्ट बसून गोळी बाहेर पडली की भोवऱ्यासारखी फिरते आणि नेम धरून जाते. त्यासाठी नळी आतून सगळीकडे एकसारखी हवी. कारागीर त्यावर फार मेहनत घेत. नळीतच गजाच्या टोकाभोवती वितळलेलं शिसं ओतायचं, ते थंड झालं की त्याला एमरीची पूड आणि तेल लावायचं आणि गज मागेपुढे घासत राहायचं. बारीक उंचवटे हळूहळू झिजून जात.

आणि ही सगळी मेहनत थोड्या बारांतच काळी व्हायची! त्या वेळची दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भागाचा वायू होतच नाही, क्षार उरतात. काही धुराबरोबर जातात, बाकीचे नळीला चिकटतात. वर हवेतली ओल शोषून गंज चढवतात तो वेगळाच. उपाय साधा : गरम पाणी. क्षार पाण्यात विरघळतात, तापलेली नळी आपोआप सुकते, मग तेलाचा हात.

पण ऐन लढाईत गरम पाणी कुठून आणणार? १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी. गोळी मागून पोकळ असायची आणि बार उडाला की फुगून चरांत बसायची. एवढ्याशा फटीत काजळी साचली की गोळी खाली जाईना. म्हणून गोळीभोवतीचा कागद बाहेरून चरबीत बुडवलेला असे आणि तो गोळीसकट नळीत जाई. आधीच्या बाराची काजळी त्याने मऊ पडे. थोडक्यात, प्रत्येक काडतूस आपलं पोतेरं बरोबर घेऊन यायचं.

आता गंमत बघा. दाताने तोडायचं ते दारूच्या बाजूचं टोक, चरबी दुसऱ्या टोकाला. पण ज्या घरात सोवळं पाळलं जातं तिथे या खुलाशाला काय अर्थ? स्पर्श पुरेसा असतो. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. ही काडतुसं १८५३ साली हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल सैन्याचे अ‍ॅड्जुटंट-जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता : वंगण शिपायांच्या धर्माला बाधणारं नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. कागद फायलीत राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की आता तुमची जात जाणारच आहे, काडतुसाला चरबी आहे. (विटाळाचा हिशेब त्या शिपायानेही आधी केलाच होता, हेही विसरू नये.) चौकशी झाली तेव्हा चरबी कोणत्या जनावराची हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना, कारण कंत्राटात तशी काळजीच घेतलेली नव्हती.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो पुढचा भाग. २७ जानेवारीला सरकारने हुकूम काढला की काडतुसं कोरी द्यावीत, शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. म्हणजे मेण आणि तेलावर काम भागत होतं! नळीला वंगण हवं होतं, जनावर कोणतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पण तोवर विश्वास उडाला होता. संशय चरबीवरून कागदाच्या चकाकीवर गेला. २४ एप्रिलला मीरतच्या ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसं तर जुन्याच प्रकारची होती. १० मे रोजी भडका उडाला.

उठावाची कारणं एवढीच नव्हती. अवध, झाशी, पगार, भत्ते, सगळं साचत आलं होतंच. पण ठिणगी इतक्या सहज टाळता आली असती हे पचत नाही.

१८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५५० इंचावर आणला गेला. उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात मुरायची आणि गोळ्या नळीत अडकायच्या, अशा तक्रारी होत्या. नळीची तक्रार अशी दोनेक वर्षांत ऐकली गेली. टकर यांचा कागद मात्र तीन वर्षं पडून होता.