द्राक्षांची पत

१९२५ सालीं नाशिकजवळच्या ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं खाण्याच्या द्राक्षांच्या लागवडीस चालना दिली. पिकविण्याची विद्या मुरली. परंतु नाशवंत फळ परक्याच्या ताटापर्यंत सुस्थितींत पोंचविणें ही विद्या निराळीच. १९९१ सालीं ‘महाग्रेप्स’ स्थापन होऊन बागाईतदारांच्या सहकारी संस्था निर्यातीसाठीं एकत्र आल्या. २०१० सालीं मात्र क्लोरमेक्वॉट या वाढरोधकाचे अंश आढळल्यामुळें युरोपांत आपला कांहीं माल नाकारला गेला आणि साऱ्या हंगामाच्या पतीला धक्का बसला. म्हणून खाद्यव्यवसायांत विक्रीव्यवस्थापक होऊं इच्छिणाऱ्या तरुणतरुणींनीं आधीं बागेंत जावें. ज्याला फवारणीची वही वाचतां येत नाहीं, त्यानें ग्राहकाला शब्द तरी कोणत्या आधारावर द्यावा?