सीलचं माहेर

आमच्या आजोळी खाडी होती. ओहोटीच्या वेळी कधीतरी पाणमांजरं दिसायची, तीन-चारांचं टोळकं, पाण्यावर नुसती डोकी. एकदा आजोबांना विचारलं, "हे जनावर पाण्यातलं की जमिनीवरचं हो?" आजोबा म्हणाले, "जमिनीवरचंच रे. पोटासाठी पाण्यात उतरलंय."

पुढे शाळेत उत्क्रांतीचा तक्ता आला. मासा, बेडूक, सरडा, ससा आणि शेवटी माणूस. मी हात वर करून विचारलं, मग सील आणि देवमासा परत पाण्यात कसे गेले? सर म्हणाले, "उत्क्रांती मागे जात नाही. खाली बस." बसलो खाली. आणि खरं सांगायचं तर पुढची कितीतरी वर्षं माझं डोकंही तिथेच बसून होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही दिवस सीलच्या जीवाश्मांबद्दल वाचतो आहे. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत, त्यामुळे आपल्याला ते सर्कशीत नाकावर चेंडू तोलणारेच ठाऊक. तो बहुतेक वेळा सी-लायन असतो. सी-लायन पुढच्या वल्ह्यांनी पोहतो आणि जमिनीवर मागचे पाय पुढे वळवून चालतो. खरा सील मागच्या पायांनी पोहतो आणि जमिनीवर पोट घासत सरपटतो. हा फरक पाहून मायव्हार्ट नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८८५ साली शंका काढली की दोघांचे पूर्वज वेगळे असावेत : सी-लायनचे अस्वलासारखे, सीलचे पाणमांजरासारखे. हा वाद पुढे शंभरेक वर्षं चालला. शेवटी जनुकांच्या अभ्यासाने निकाल लावला. दोघंही एकाच घरातले.

मग त्या घराचा मूळ पत्ता कुठला? १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या एनालिआर्क्टोस या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. प्राणी जुना खरा, पण त्याच्या हातापायांची वल्ही आधीच झालेली. म्हणजे प्रवास संपत आल्यावरचा फोटो मिळाला, निघतानाचा नाहीच. डार्विनने मात्र कधीच अंदाज बांधून ठेवला होता. जमिनीवरचा शिकारी प्राणी आधी उथळ पाण्यात अधूनमधून शिकार करील, मग ओढ्यांत आणि तळ्यांत, आणि शेवटी समुद्रात जाईल, असा त्याचा आशय. तळं आधी, समुद्र नंतर. पण सीलचे पूर्वज म्हटलं की लोकांची नजर समुद्राकडेच जायची. साहजिकच आहे म्हणा.

२००७च्या उन्हाळ्यात नतालिया रिबचिन्स्की यांची तुकडी कॅनडाच्या अगदी उत्तरेला, डेव्हन बेटावर होती. तिथे उल्कापाताने झालेलं हॉटन नावाचं विवर आहे, सुमारे २३ किलोमीटर रुंद. त्यात एके काळी गोड्या पाण्याचं तळं साचलेलं. एक दिवस त्यांच्या गाडीतलं इंधन संपलं. इंधन येईपर्यंत करायचं काय, म्हणून एक विद्यार्थिनी आसपास फिरत होती, तर तिच्या पायाशी हाड! पुढे एकेक करत निम्म्याहून जास्त सांगाडा मिळाला. जेमतेम मीटरभर लांबीचा प्राणी. वल्ही नाहीत, चार धड पाय, लांब शेपटी, आणि बोटांची हाडं चपटी, म्हणजे बोटांमध्ये बहुधा पडदा. दात आणि कवटी सीलच्या वळणाची. डार्विनच्या जन्माला २०० वर्षं झाली त्या २००९ साली तो जगापुढे आला. नाव पुइयिला डार्विनी. पुइयिला हा तिथल्या इनुइट लोकांच्या भाषेतला शब्द. चारही पायांनी पोहणारा हा प्राणी पाहिला की पुढच्या पायांवर भर देणारे आणि मागच्या पायांवर भर देणारे एकाच मुळातून कसे फुटले असतील, ते समजू लागतं.

तेव्हा वर्तमानपत्रांनी 'हरवलेला दुवा सापडला' असे मथळे दिले. मला ते पटत नाही. पुइयिलाचं वय दोन कोटींहून काही लाख वर्षं जास्त, आणि वल्हीवाला एनालिआर्क्टोस तेवढाच किंवा त्याहून जुना! म्हणजे ही सीलची सख्खी आजी नव्हे. घरचे सगळे समुद्रावर गेले तरी जुन्या तळ्याकाठी राहिलेली चुलत आजी. जुन्या घराची राहणी कशी होती, ते मात्र तिच्याचकडून कळतं.

आणि गंमत पुढेच आहे. अशी आणखी एक चुलत आजी युरोपातल्या संग्रहालयांत कधीचीच होती! फ्रान्समध्ये सापडलेल्या पोटॅमोथेरियमचं वर्णन १८३३ साली झालेलं. नावाचा अर्थच 'नदीतला पशू'. पण शतकाहून अधिक काळ ते पाणमांजर म्हणूनच खपलं. अलीकडे अनेक अभ्यासक त्याला सीलच्या कुळाशी जोडतात. २०२३ साली त्याच्या कवटीची आतली पोकळी तपासली, तेव्हा मेंदूतला मिशांचा स्पर्श सांभाळणारा भाग सीलसारखा मोठा निघाला. गढूळ पाण्यात मिशांनी चाचपडत भक्ष्य शोधणारं जनावर असावं.

देवमाशाचीही अशीच एक गोष्ट आपल्याकडे घडली. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकाने काश्मीरच्या दक्षिणेला, कालाकोटला गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने डेहराडूनच्या घरी जपून ठेवले होते. पुढे हान्स थेविसन यांच्याकडे त्यातली एक कवटी साफ करताना चुकून फुटली, आणि आत कानाचं जे जाड हाड दिसलं तसं फक्त देवमाशांत असतं. कवटी इंडोह्यूस या मांजराएवढ्या, हरणासारख्या प्राण्याची, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची. हे प्रसिद्ध झालं २००७च्या डिसेंबरात, तळ्याकाठी ते हाड सापडलं त्याच वर्षी. या प्राण्याच्या हाडादातांवरूनही तो नदी-ओढ्यांत वावरत असावा असं दिसतं. सर असते तर हे कात्रण त्यांना नक्की नेऊन दाखवलं असतं.

मध्यंतरी आजोळी जाऊन आलो. खाडीवर तासभर बसलो, पाणमांजर काही दिसलं नाही. कडेच्या कातळावर त्याची ताजी विष्ठा तेवढी होती, माशांच्या खवल्यांनी भरलेली. आणि चिखलात ठसे, पाण्याकडे जाणारे.