गाठ दाखवायची कोणाला?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. कोरोनाच्या वेळी, २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने हाच कायदा लागू केला. म्हणून त्याच्या पहिल्याच वर्षी पुण्यात काय झाले ते नीट पाहायला हवे. प्लेग समितीचे प्रमुख रँड यांनी घरझडतीला गोरे सोल्जर लावले. सोल्जर दार ठोठावायचे, उघडले नाही तर फोडायचे, देवघरापर्यंत शिरायचे. काखेत, जांघेत गाठ आहे का ते तपासले जाई. बायकांची तपासणी चारचौघांत होते, अशा तक्रारी होत्या. अंथरुणे जाळली जात, जमीन खणली जाई, रोगी इस्पितळात आणि घरचे छावणीत जात. लोकांनी मग रोगी लपवले, आजार दडवला, रातोरात शहर सोडले. रँडवर २२ जूनला चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, एवढे सगळ्यांना ठाऊक असते; पण साथीच्या दृष्टीने खरे नुकसान त्याआधीच झाले होते. रोगी कुठे आहे, हेच सरकारला कळेनासे झाले होते.

साथ दारात असताना मनधरणी करत बसायला वेळ कुठून आणायचा, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण लपवलेला रोगी शोधण्यात जातो तोही वेळच. शिवाय त्या सक्तीमागचे शास्त्रही कच्चे होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. तोवर घरे धुण्यात आणि जाळपोळीत बळ खर्ची पडले होते. लोक अडाणी होते म्हणून विरोध झाला, हेही पटत नाही. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी लस जाहीरपणे घेतली, तेव्हा त्यांचे खोजा अनुयायीही पुढे आले. पुण्याजवळ मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. तिथे रोगी आणायला शिपाई लागत नव्हते.

विश्वासाने प्लेग आटोक्यात आला, असे मात्र म्हणता येणार नाही. तो पुढे कित्येक वर्षे माणसे मारत राहिला. विश्वासाने रोगी वेळेवर समोर येतो, इतकेच, आणि औषध नसलेल्या साथीत तेच सर्वांत मोलाचे असते. धारावीत २०२० मध्ये महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना तपासणीत सोबत घेतले, कारण ओळखीच्या डॉक्टरला ताप आल्याचे सांगायला माणूस कचरत नाही. १८९७ च्या मूळ कायद्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे, आदेश राबवणाऱ्याला संरक्षण आहे. रोग्याचा हक्क कुठेच नाही. विलगीकरणात पाठवलेल्याची खबर घरी रोज पोचावी, बुडालेली मजुरी मिळावी, जाळलेल्या सामानाची भरपाई व्हावी, ही कलमे त्यात घालायला हवीत, आणि तीही पुढची साथ येण्याआधी.